उरलंसुरलं

वजन कसं उतरवावं, हे महाराष्ट्रात कुणाला विचारावं लागत नाही. दीक्षितपंथीय म्हणतात, दोनदाच जेवा, 55 मिनिटांत आटपा. दिवेकरपंथीय म्हणतात, थोडं थोडं खा आणि तूप सोडू नका. मी दोन्ही पंथांशी एकनिष्ठ राहिले. दोनदा जेवत होते, मधे थोडं थोडं खात होते आणि तूप सोडत नव्हते.

मग ठरवलं, क्रांती नको, सुधारणा करू. चहात दोनाऐवजी एक चमचा साखर, भाताची मूद लहान वाटीची, उपासाला खिचडीऐवजी ताक. वजनाचा काटा सरकारी फाइलीसारखा जागच्या जागी. कारण माझा सगळा हिशेब ताटातला होता. ओट्याशी उभ्याने चालायचं ते जेवण त्यात धरलेलंच नव्हतं! कढईतली चमचाभर भाजी, डब्यातून परत आलेली अर्धी पोळी, कुकरच्या भांड्याला चिकटलेला भात. एवढंसं काय फ्रिजमध्ये ठेवायचं?

इथे फोडणीच्या पोळीबद्दल बोललंच पाहिजे. शिळी पोळी हातानेच कुस्करावी. मिक्सरमधून काढणाऱ्यांशी मी फार संबंध ठेवत नाही. तुकडे लहानमोठे हवेत, म्हणजे काही कुरकुरतात आणि काही कांद्याच्या ओलाव्याने मऊ पडतात. तेल सढळ, मोहरी, मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे, चिमूटभर साखर. पाण्याचा हबका, झाकण, एक वाफ, वरून लिंबू. ताज्या पोळीची करायला जाल तर चिकट गोळा होईल. पोळी शिळीच लागते. म्हणून मी रात्री दोन पोळ्या मुद्दाम जास्त लाटत असे आणि सकाळी ‘आता या उरलेल्यांचं काय करायचं’ म्हणून सुस्कारे टाकत असे.

एकदा कॅलेंडरच्या मागे गणित मांडलं. एका मध्यम पोळीत साधारण 100 कॅलरी. रोज एक जास्तीची, म्हणजे वर्षाला 36,500. किलोभर चरबीच्या साधारण 7,700. म्हणजे कागदावर तरी वर्षाला साडेचार किलोंच्या वर, आणि तेही ताटात न वाढून घेता. शरीर इतकं सरळ गणित करत नाही म्हणून बरं.

आई अशीच जेवायची. गरम पोळ्या सगळ्यांना, तिला सकाळची. तिने कधी तक्रार केली नाही; तिच्या वतीने मला आता राग येतो. पातेल्याच्या तळाशी राहील ते बाईच्या पोटात, हे कुणी ठरवलं? मुलगा ‘पोट भरलं’ म्हणून उठतो, नवरा ढेकर देऊन उठतो. माझं पोट भांडी रिकामी झाली की भरतं.

आता कणीक मोजून भिजवते आणि उरलेलं सरळ डब्यात जातं. महिन्याला अर्धा किलो उतरतं. एवढं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून मी लग्नाकार्यात तिरकी उभी राहते. परवा एक मामी कळवळून म्हणाल्या, “बरं नव्हतं का गं तुला?” दिवसभर मी हवेत होते.

तेव्हा घरातल्या मंडळींनो, शेवटची अर्धी पोळी कोण खाणार, हे पानावर बसतानाच आपापसांत ठरवा. मला विचारू नका, माझं पोट भरलंय.