दार हलवलंय, तुमच्या सोयीसाठी

‘तुमच्या सोयीसाठी’ हे शब्द दिसले की हल्ली मी आधी खिसा चाचपतो.

एक तारखेला सकाळी खालच्या मजल्यावरचे काका मोबाइल घेऊन वर आले. चेहरा असा, की मला वाटलं कोणीतरी गेलं. ‘अरे, माझी पेन्शन दिसत नाही!’ त्यांच्या बँकेच्या ॲपनं रात्रीतून कात टाकली होती. आदल्या दिवसापर्यंत जिथे शिल्लक दिसायची, तिथे आता एक हसरं कुटुंब उभं होतं. गृहकर्ज मिळाल्यामुळे त्यांना फार आनंद झाला होता. शिल्लक हवी तर बोट खाली सरकवायचं, मग ‘माझं जग’ नावाचा चौकोन दाबायचा, मग एक मिटलेला डोळा. डोळा उघडला, पेन्शन जागच्या जागी होती. काकांनी खिशातून वही काढली. ॲप कसं वापरायचं, हे त्यांनी त्यात लाल पेनानं, आकडे घालून लिहून ठेवलंय. त्यांनी जुन्या पानावर काट मारली आणि नवं लिहायला घेतलं. तीन वर्षांतलं हे चौथं पान.

इमारत पाडून नवी बांधायची तर आपल्याकडे निदान सभा घ्यावी लागते. सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते, बिल्डरला भाडं द्यावं लागतं, आणि तरी तळमजल्यावरचे कोणीतरी कोर्टात जातातच. ॲप पाडायला यातलं काही लागत नाही. रात्री दोनला पाडलं, पहाटे पाचला गृहप्रवेश. भाडेकरू झोपेतच.

सरकारी नमुना पाहायचा तर २०२१ सालचं प्राप्तिकराचं पोर्टल आठवा. रिटर्नची छाननी ६३ दिवसांऐवजी एका दिवसात होईल, असा बेत होता. १ ते ६ जून जुनं पोर्टल बंद, ७ जूनला नवं सुरू. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्विटरवर, हे पोर्टल बनवणाऱ्या इन्फोसिस कंपनीला आणि तिच्या नंदन नीलेकणींना जाहीर विनवलं, करदात्यांना निराश करू नका. ऑगस्टात पोर्टल सलग दोन दिवस उघडेना, तेव्हा कंपनीचे प्रमुख सलील पारेख यांना खुलाशासाठी दिल्लीला बोलावणं गेलं. सप्टेंबरअखेरची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत लांबली. नवीन गोष्ट पहिल्या दिवशी अडखळणार, त्यात नवल नाही. पण नळाला पाणी यायच्या आधी विहीर बुजवायची घाई कोणाला होती? जुनं आणि नवं चार महिने शेजारी-शेजारी चाललं असतं, तर सीए मंडळींची थोडी झोप वाचली असती.

बरं, हे जमत नाही असंही नाही. इंग्रजी विकिपीडियानं जानेवारी २०२३ मध्ये चेहरा बदलला. ज्याला तो रुचला नाही, त्यानं खात्यात शिरून सेटिंगमधून जुना परत लावावा. आजही लावता येतो. ऑर्कुट हे समाजमाध्यम तर चक्क मरत होतं, तरी त्यानं रीत पाळली: जून २०१४ अखेरीस सांगितलं, सप्टेंबरअखेरीस दार लावलं, आणि फोटो-स्क्रॅप उचलून न्यायला पुढे दोन वर्षं दिली. मरणाऱ्याला जी रीतभात सुचते, ती धडधाकटांना का सुचत नसावी?

माझा अंदाज सांगतो. ज्या ऑफिसात हे ठरतं, तिथे जुनं बटण जागेवर ठेवल्याबद्दल कोणाला बढती मिळत नाही. हलवल्याबद्दल मिळते. मग बटण हलतं, रंग बदलतो, आणि काकांना ‘नवा अनुभव’ मिळतो. अनुभव काकांकडे भरपूर आहे हो, ते पंचाहत्तरीचे आहेत. त्यांना शिल्लक हवी होती.

तेव्हा ॲपवाल्यांनो, पुढचं नूतनीकरण काढाल तेव्हा जुनं दार तीन महिने उघडं ठेवा, आणि एक तारखेला कशालाही हात लावू नका. काकांच्या वहीत आता आठच पानं कोरी आहेत.