थांबण्याचा कारखाना

आइची हे नाव मराठी कानाला अर्ध्यावर गिळलेल्या शिवीसारखं लागतं. पुढचा शब्द येणार म्हणून माणूस कान टवकारतो, आणि तो येतच नाही. जपानच्या मधोमध, समुद्राकाठी असलेल्या या प्रांताची राजधानी नागोया. टोयोटा मोटारी इथल्या; यंत्रबाहुल्या, मातीची भांडी, काळपट लाल मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) आणि किल्लेही इथलेच. साहजिकच प्रत्येक माहितीपत्रकात 'परंपरा आणि आधुनिकतेचा सुंदर संगम' हे वाक्य असतं. हे वाक्य फ्री साइझ आहे. मारुतीच्या देवळाला टेकून मोबाइल रिचार्जचं दुकान असलेल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला ते बसतं. शिवाय संगमाला दोन नद्या लागतात आणि आइचीत नीट पाहिलं तर एकच आहे. नेमक्या क्षणी थांबणं हे या प्रांताचं मूळ कसब. कधी ते मागात दिसतं, कधी बाहुलीत, कधी मिसोच्या पिंपात.

पहिला पुरावा नागोयातल्या टोयोटाच्या औद्योगिक संग्रहालयात मिळतो. लाल विटांच्या जुन्या कारखान्यात 1994 साली ते उघडलं. मोटारी बघायला गेलेल्या माणसाला तिथे आधी माग बघावे लागतात. सोबत कुणी इचलकरंजीचा असेल तर मोटारींपर्यंत पोचणं कठीणच. सुताराचा मुलगा साकिची तोयोदा, त्याचा हा 1924 सालचा स्वयंचलित माग. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री लोंबत असते. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि सगळा खडखडाट जागच्या जागी गप्प होतो. आपणहून थांबणाऱ्या मागावर पहारा लागत नाही, म्हणून एकेक कामगार तीसेक माग सांभाळू लागला. 1929 साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क घेतले. ज्या देशाने जगाला धावते माग विकले, त्याने थांबणारा माग विकत घेतला! मोटारीच्या कारखान्यात या पत्रीची दोरी झाली. काही चुकतंय असं वाटलं की कामगार दोरी ओढतो, फलकावर दिवा लागतो आणि वेळेत निस्तरलं नाही तर अख्खी लाइन थांबते. त्या फलकाला म्हणतात आंदोन, म्हणजे कागदी कंदील. आपल्या रेल्वेत विनाकारण साखळी ओढली तर दंड होतो. इथे न ओढणं ही चूक. कंपनीचं नावसुद्धा असंच वेळीच आवरलेलं आहे. जपानी अक्षरांत 'तोयोदा'ला दहा फटकारे लागतात, 'टोयोटा' आठात संपतं, आणि आठ हा तिकडे शुभ आकडा.

दुसरा पुरावा तबकात चहा घेऊन येतो. तबकावर कप ठेवला की ही लाकडी बाहुली टुकूटुकू पाहुण्याकडे निघते, कप उचलला की थांबते, रिकामा कप परत ठेवला की आली तशी माघारी जाते. होसोकावा हान्झो यांनी 1796 सालच्या पुस्तकात तिची रचना आकृत्यांसकट छापली. स्प्रिंगच्या जागी देवमाशाच्या तोंडातली लवचीक पट्टी. चहा संपेपर्यंत ती गप्प उभी राहते आणि 'अजून अर्धा घ्याच' म्हणत नाही, हे पाहून मराठी यजमानाला अपराधी वाटायला हरकत नाही. इनुयामा गावात एप्रिलमध्ये तेरा तिमजली रथ निघतात; प्रत्येकावर अशाच यंत्रबाहुल्या. मोटारींच्या या मुलखात रथांना मात्र स्टिअरिंग नाही. चौकात रथ थांबवायचा, पोरांनी एक बाजू खांद्यावर उचलायची आणि वळवायचा. जळगावच्या रथाच्या चाकाला मोगरी लावून तो आवरणाऱ्यांना हे लगेच कळेल: वळायचं तर आधी थांबता आलं पाहिजे.

कुणी म्हणेल, ही ओढूनताणून जुळवलेली वंशावळ आहे. बाहुली पाहून माग सुचला, असं कुठे आहे? साकिचीचे चिरंजीव कीइचिरो तोयोदांनी मोटार शिकायला अमेरिकन शेव्हरले सुटी केली, आणि लागेल तेव्हा लागेल तेवढंच बनवण्याची पद्धत रचताना टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांच्या डोळ्यांपुढे होतं अमेरिकन सुपरमार्केट. हरकत रास्त आहे. पण हे नातं रक्ताचं नसून वळणाचं आहे. सुपरमार्केट लाखो लोकांनी पाहिलं आणि पिशव्या भरून घरी आणल्या. ओनोंना त्यात दिसलं ते एवढंच: फळीवरची वस्तू उचलली जाईपर्यंत तिथे दुसरी येत नाही. हे म्हणजे कप उचलायची वाट पाहणारी बाहुलीच.

मग मिसोचं काय? मिनिटांचा हिशेब ठेवणाऱ्या या प्रांतातच ओकाझाकी गावी हात्चो मिसो दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे मुरवतात. तिथल्या किल्ल्यापासून आठ चो, म्हणजे सुमारे 870 मीटर, म्हणून हात्चो. सहा टन मिसोच्या लाकडी पिंपावर तीन टन दगडांचा डोंगर रचलेला असतो. लोणच्याच्या बरणीवर दगड ठेवणाऱ्या आजीने पाहिला तर पदर खोचून कामाला लागेल. पण विसंगती वरवरची आहे. 'वेळेवर' आणि 'लवकर' यांत फरक असतो. मिसोची वेळ दोन वर्षांनी येते, बंपरची दोन मिनिटांनी. आधी हात लावायचा नाही, हा नियम दोन्हीकडे एकच.

सर्वांत जड हरकत नागोयाच्या किल्ल्याची. मूळ मनोरा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि 1959 मध्ये काँक्रीटचा उभा राहिला, लिफ्टसकट. त्याच वर्षी जवळच्या कोरोमो शहराने स्वतःचं नाव बदलून टोयोटा ठेवलं. ही कसली परंपरा, असं कुणालाही वाटेल. पण 2018 साली हा मनोरा मोठ्या भूकंपात टिकणार नाही म्हणून बंद झाला. शहराला तो पुन्हा लाकडात बांधायचा आहे आणि त्यावर वाद पेटला लिफ्टचा: अस्सल किल्ल्यात लिफ्ट कशाला, आणि जिने न चढू शकणाऱ्यांनी बाहेरच उभं राहायचं का? प्रवासी तिकीट काढून येतो, छपरावरचे वाघाच्या तोंडाचे सोनेरी मासे खालून बघतो आणि बंद दारापुढे चरफडतो. धागा तुटलाय, पत्री पडली आहे, माग उभा आहे. त्या क्षणी जो शब्द तोंडात येईल, त्याचा पूर्वार्ध प्रांताच्या नावात आहेच. उत्तरार्ध तेवढा गिळावा.