कालिया नव्हे, विजू खोटे

३० सप्टेंबर २०१९ ला विजू खोटे गेले. बातम्यांचे मथळे मात्र 'शोले'तल्या कालियाच्या नावाने झळकले. १९६४ पासून हा माणूस कॅमेऱ्यासमोर उभा होता. पंचावन्न वर्षं. हिंदी-मराठी मिळून तीनशेच्या आसपास चित्रपट, शिवाय नाटकं आणि मालिका. त्यातली काही मिनिटं आपण जपली, बाकीचं वाऱ्यावर सोडलं. मला याचा राग येतो.

तरी ती काही मिनिटंसुद्धा आपण नीट पाहिलेली नाहीत. रामगढात घोड्यावरून धान्य वसूल करायला येणारा कालिया आठवा. मान ताठ, आवाज चढा, जणू गाव त्याच्या बापजाद्यांचं आहे. पुढे तोच माणूस सरदार गब्बरसमोर खडकावर उभा, दोन साथीदारांसह रिकाम्या हातांनी परतलेला. गब्बर तीन गोळ्या हवेत झाडतो. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तीन उरतात. चक्र फिरतं. पहिला वाचतो, दुसरा वाचतो. कालियाची पाळी येईपर्यंत आपल्याच घशाला कोरड पडलेली असते. खाल्ल्या मिठाची आठवण देताना त्याच्या आवाजात रामगढातल्या तोऱ्याचा मागमूसही उरलेला नसतो. चाप ओढला जातो, गोळी सुटत नाही. मग येतं ते हसू. ते बघाच एकदा. आधी खात्री नसते, मग सरदार हसतोय म्हणून हसणं, मग खरंच वाचलो म्हणून पोट धरून हसणं. आणि लगेच तिघांचाही खेळ खलास.

गब्बर अमजद खान यांचा, यात वाद नाही. पण १९७५ साली अमजद खान प्रेक्षकांना नवखेच होते. त्यांना कुणी का घाबरावं? तर समोरचा दांडगा गडी घाबरलाय म्हणून. खलनायकाचा दरारा त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत कमी आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर जास्त दिसतो. तो चेहरा कच्चा निघाला असता तर गब्बर नुसता आरडाओरडा करणारा दरोडेखोर ठरला असता. 'शोले'ला फिल्मफेअर मिळालं एकच, तेही संकलक एम. एस. शिंदे यांना. या प्रसंगात ती कात्री एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर कशी जाते ते पाहा, बक्षीस योग्य हाती गेलं हे पटेल. फक्त कात्रीला कापण्याजोगे चेहरे आधी कुणीतरी द्यावे लागतात.

विजू खोटे काही वाट चुकून सिनेमात आलेले नव्हते. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे आणि मूकपटांच्या काळातले नट. दुर्गाबाई खोटे घरच्याच. बहीण शुभा खोटे, जिने १९५५ च्या 'सीमा'त सायकल दामटली आणि पुढे हिंदी विनोदाचा मोठा हिस्सा पेलला. अशा घरातल्या माणसाला नायक व्हायचं नसतं तर काय करायचं असतं? काम. जे येईल ते, पण चोख.

'अंदाज अपना अपना'तला रॉबर्ट घ्या. १९९४ साली चित्रपट आला आणि आपटला. पुढे टीव्हीवर बघबघून लोकांनी तो डोक्यावर घेतला. चूक झाल्याची कबुली रॉबर्ट ज्या निरागस गांभीर्याने देतो, ती आजही कॉलेजच्या कट्ट्यांवर चालते. त्यात एक पैचाही आचरटपणा नाही. हा गुंड स्वतःला अजिबात विनोदी समजत नाही, म्हणून आपण हसतो. दूरदर्शनवरच्या 'जबान संभालके'मध्ये पंकज कपूर यांच्या वर्गात हेच खोटे विद्यार्थी म्हणून बसलेले. मराठीत 'अशी ही बनवाबनवी'तही ते आहेत. अशोक सराफ, सचिन आणि लक्ष्या यांच्या धुमाकुळात स्वतःची जागा राखणं ही काय चेष्टा आहे?

भूमिका लक्षात ठेवून नटाचं नाव विसरण्याची ही खोड अजून गेलेली नाही, म्हणून आता आजच्या मालिकांकडे वळते. आई, आत्या, शेजारचे काका, कारखान्यातला मुनीम, पोलीस इन्स्पेक्टर. वर्षानुवर्षं रोज आपल्या घरात येणारी ही माणसं. यांतल्या किती जणांची खरी नावं आपल्याला ठाऊक आहेत? कशी असतील! बऱ्याच मालिकांत नामावली दिसतच नाही, दिसलीच तर डोळ्यांना पकडता येणार नाही अशा वेगाने पळते. ओटीटीवर शेवटची नावं सुरू झाली रे झाली की चौकट आक्रसते आणि पुढचा भाग अंगावर येतो. ज्याचं नाव पोस्टरवर नसतं त्याला ही पाटी हीच एक जागा होती. तीही काढून घेतली.

पैशांचं तर बोलायलाच नको, पण बोलते. बारा तासांची शिफ्ट, आणि मेहनताना नव्वद दिवसांनी. टीव्हीच्या धंद्यात ही रीत इतकी मुरली की टाळेबंदीत कामं थांबल्यावर कलाकारांच्या संघटनेला, हे नव्वद दिवस तरी कमी करा, म्हणून आवाज उठवावा लागला. नायकाला निर्मात्याकडून मुदत पाळून घेता येते. आत्याला नाही. आत्याने तोंड उघडलं की तिचा ट्रॅक संपतो: काशीयात्रेला जाते किंवा फोटोला हार चढतो. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. छोट्या नटाच्या हातात मात्र जुना चित्रपट हजाराव्यांदा दाखवला तरी काही पडत नाही. रॉबर्टच्या वाक्याचे टी-शर्ट विकले जातात, मग ते वाक्य बोलणाऱ्या नटाचा वाटा कुठे आहे?

मागणी मोठी नाही. मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी त्या दिवशी दिसलेल्या प्रत्येक कलाकाराचं नाव, भूमिकेच्या नावासकट, वाचता येईल इतका वेळ पडद्यावर थांबवा. जाहिरातींना मिनिटांमागून मिनिटं देता, यांना पंधरा सेकंद द्या. ओटीटीवाल्यांनी नावं चालू असताना पुढचा भाग आपोआप सुरू करणं बंद करावं. आणि मेहनताना तीस दिवसांत, आत्यालासुद्धा.