काठावरचा तांडेल

ज्याने जन्मात सुकाणूला हात लावलेला नाही, पण ज्याच्या सल्ल्यावाचून एकही होडी धड चालायची नाही, असा एक तरी माणूस कोकणातल्या प्रत्येक बंदरावर असतोच. राजपुरीला आमचे अप्पा आहेत. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. "गाड्या सोडायची खोड गेली नाही, म्हणून आता होड्या सोडतात," असं काकू म्हणतात.

खाडीत शिडाच्या होड्यांची शर्यत असली की अप्पा सकाळीच धक्क्यावर हजर. खरं तर सकाळी यायचं काही कारणच नसतं. होळीनंतरच्या दिवसांत इथे पहाटे मतलई वाहतो, जमिनीवरून समुद्राकडे. ऊन चढलं की तो मरतो, मधला वेळ पान हलत नाही, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा उठतो. शर्यत खरी रंगते ती त्या वाऱ्यावर. ही माहिती मला अप्पांनीच दिली आहे. दर वर्षी देतात. "मग इतक्या लवकर कशाला आलात?" असं विचारलं तर म्हणतात, "वारा काय वेळापत्रक बघून सुटतो?"

एकूण थाट बघण्यासारखा. टोपी उडू नये म्हणून तिच्यावरून रुमाल घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली, त्यामुळे ते दाढ काढून थेट इकडेच आल्यासारखे दिसतात. काखेत छत्री. गळ्यात दुर्बीण, जिच्या एकाच नळीतून दिसतं. ही दुर्बीण ते कुणालाही देत नाहीत. दर थोड्या वेळाने चिमूटभर वाळू हवेत सोडायची, ती आपल्याच डोळ्यांत गेली की "पश्चिमेचा आहे," असा निर्वाळा द्यायचा.

शर्यत सुरू व्हायला उशीर झाला, आणि उशीर होतोच, तर अप्पा इतिहासात शिरतात. समोर जंजिरा असल्यावर न शिरून करतील काय? १६८२ साली संभाजी महाराजांनी किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालायला घेतला होता, हे सांगताना ते छत्रीच्या टोकाने तो भराव पाण्यावर आखून दाखवतात. शिवाजी महाराजांच्या काळात लाय पाटलांनी रातोरात तटाला शिड्या लावल्याची गोष्ट तर ठरलेलीच. ती नेमकी रंगात येते आणि तिकडे होड्या सुटतात. लाय पाटील वर्षानुवर्षं त्या शिडीवरच उभे आहेत.

मग मात्र अप्पांना कुणी अडवायचं नाही. "आता बघ! आता बघ हं!" हे त्यांचं पालुपद. अंतर राखून उभं राहावं, कारण "आता बघ"बरोबर छत्री फिरते. "दामण सोड! अरे, शीड फडफडतंय, ओढ दामण!" दामण म्हणजे शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. तो एकाच दमात सोडायचा आणि ओढायचा कसा, हे विचारायची आमची हिंमत नाही. पुन्हा वारा समुद्रावरून गावाकडे येत असल्यामुळे अप्पांची एकही आज्ञा होडीपर्यंत पोचत नाही. सगळ्या मागे भेळवाल्याकडे जातात. त्या त्याला इतक्या पाठ झाल्या आहेत, की अप्पा पाणी प्यायला थांबले तर कांदा चिरता चिरता तोच "दामण ओढ!" म्हणतो.

एक कबूल केलं पाहिजे, की अप्पांना कळतं बरंच. ही तिकोनी शिडं एका लांब तिरक्या वाशाला बांधलेली असतात. त्याला परबाण म्हणतात. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जाऊच शकत नाही, तिरकी तिरकी जात वर चढावी लागते, आणि दर वळणाला ते परबाण शिडासकट डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचं. सोसाट्याच्या वाऱ्यात जराशी चूक झाली की होडी कलंडलीच. खलाशी वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसून अंग बाहेर झोकतात. तेव्हा धक्क्यावर अप्पाही मागे झुकतात. आम्ही त्यांचा सदरा धरून ठेवतो.

अशाच एका वळणावर मागे छत्री उलटी झाली. दुसरा कुणी ओशाळला असता. अप्पांनी काड्यांकडे निरखून पाहिलं आणि जाहीर केलं, "वारा वायव्येला सरकला." नंतर दुर्बीण लावून "निळी पुढे! निळी जिंकली!" म्हणून नाचले. निळी होडी जंजिरा बघून परतणाऱ्या पर्यटकांची निघाली. "असेल," अप्पा म्हणाले, "पण चालवली चांगली."

पाठिंबा नेहमी शेवटच्या होडीला. कारण विचारलं तर उत्तर येतं, "पुढच्याला माझी गरज काय?" आणि स्वतः? एकदा मेहुण्यांच्या आग्रहाखातर शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला गेले होते. जाताना डोळे मिटून, येताना लिंबू हुंगत. तो विषय काकूंनी काढला की अप्पांना एकदम बाजारातलं काम आठवतं.

जिंकलेला तांडेल मात्र धक्क्याला लागला की आधी यांच्याकडे येतो. भिजलेला, हाताचे तळवे दोराने सोललेले. "अप्पा, कसा काय वाटला?"

"वळसा उशिरा घेतलास."

"व्हय," तो गंभीरपणे मान हलवतो. बक्षीस हातात असताना एवढं ऐकून घ्यायला मोठं मन लागतं.

आता जावयाने नवाच उद्योग लावून दिला आहे. तो दुबईला असतो. तिथे १९९१ पासून अल गफ्फाल नावाची शर्यत होते, हल्ली ६० फुटी शिडाच्या जहाजांची. मोती काढायला गेलेले पाणबुडे हंगाम संपवून घरी परतायचे, त्याची आठवण म्हणून. सर बू नायर बेटापाशी जहाजं शिडं उतरवून उभी राहतात, इशारा झाला की शिडं चढवतात आणि दुबईकडे सुटतात. जावयाने त्याचा व्हिडिओ पाठवला. अप्पांनी तो झोपाळ्यावर बसून पुन:पुन्हा पाहिला. दर वेळी त्याच जागी ओरडले, "अरे, वळ! आता वळ!"

"अहो, ती शर्यत गेल्या महिन्यात संपली," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"संपली असेल," अप्पा व्हिडिओ मागे नेत म्हणाले, "पण ह्याला अजून वळता येत नाहीये."