सातबाऱ्याचं भूत

क्रिकेटच्या मैदानावर सातबारा दिसू लागला तेव्हा प्रस्तुत लेखकाने आधी चष्मा पुसला. मग मॉनिटर पुसला. मग दोन्ही पुन्हा पुसले. मैदान हिरवंगार होतं, गोलंदाज धावत येत होता आणि त्याच्या वाटेत बांध घातल्यासारख्या फिक्या आडव्या-उभ्या रेघा पसरल्या होत्या. वरच्या कोपऱ्यात गट क्रमांक, मिडविकेटच्या जरा मागे भोगवटादाराचा रकाना आणि त्यात, पुसट पण वाचता येईल असं, लेखकाच्या आजोबांचं नाव. आजोबा १९९८ सालीच वारलेले.

"काकाजी," पुतण्या म्हणाला, "थो फिल्डर तं आपल्या वावरात उभा हाये!"

वाशीममधल्या एका साध्यासुध्या घरात घडलेली ही गोष्ट. वारसांची नोंद करायची म्हणून लेखकाने सातबारा पडद्यावर उघडला आणि एका चुलतभावाची कागदपत्रं येईपर्यंत तसाच ठेवला. कागदपत्रं आज येतील, उद्या येतील करता करता चार दिवस गेले. मधूनमधून पडदा काळा पडायचा. त्याचा राग येऊन लेखकाने ती सोयच बंद करून टाकली होती.

निदान करायला घरात माणसांची कमतरता नव्हती. आई म्हणाली, "बाबांची वासना राह्यली असंल त्या वावरात," आणि मॉनिटरवरून लिंबू उतरवून चौकात टाकायला पाठवलं. दुरुस्तीवाल्याने मॉनिटरकडे न बघता फोनवरच निकाल दिला, "पॅनल गेलं भाऊ, नवं टाका लागते." पुतण्याच्या मते व्हायरस होता. त्याच्या मते डोकेदुखी, भारनियमन आणि गणिताचे मार्क या सगळ्यांमागे व्हायरसच असतो.

मौज अशी की तिघांमध्ये आईच खऱ्याच्या सर्वांत जवळ होती. मराठी भुतांचं शास्त्र पक्कं आहे: काहीतरी उरल्याशिवाय भूत होत नाही. मुंजाची मुंज झाली पण लग्न राहिलं, म्हणून तो पिंपळावर बसतो. समंधाचा जीव पुरलेल्या धनात राहिला, म्हणून तो तिथेच घुटमळतो. मॉनिटरमध्ये उरतो तो विद्युतभार.

एलसीडी पडद्याच्या दोन काचांमध्ये द्रव स्फटिक असतात. विजेचा दाब मिळेल तसे त्यांचे रेणू वळतात आणि उजेड सोडतात किंवा अडवतात. हा दाब सतत एकाच दिशेने दिला, तर द्रवातले अशुद्ध आयन एका काचेकडे जाऊन गोळा होतात. म्हणून दर चित्रागणिक दाबाची दिशा उलटवतात. पण हा तोल अगदी काटेकोर नसतो. तेच चित्र तासन्‌तास राहिलं की थोडाथोडा भार साचतो, आणि चित्र बदललं तरी रेणू जुन्याच हुकमाप्रमाणे वळून उभे राहतात. सभा संपली, सतरंज्या गुंडाळल्या, तरी अध्यक्षांचं समारोपाचं भाषण चालूच.

या रेणूंचा स्वभाव पहिल्यापासून दुतोंडीच. १८८८ साली प्राग शहरात फ्रीडरिश राइनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजराचा हलवा करायचं सुचलं नाही; त्याने गाजरातलं कोलेस्टेरॉल काढून त्याचं एक संयुग केलं. ते १४५.५ अंशांना वितळलं, पण गढूळ, १७८.५ अंशांना पुन्हा वितळून नितळ झालं. एकाच पदार्थाने दोनदा वितळावं हे कुणाला पटेना. त्या गढूळ अवस्थेवर आज अवघी कचेरी चालते. विदर्भाचाही यात वाटा आहे. ताटलीसारख्या रेणूंचे द्रव स्फटिक १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत सापडले, ते शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. हे चंद्रशेखर नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी. ते सर सी. व्ही. रामन यांचे भाचे. ताऱ्यांवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे चंद्रशेखर, ते रामन यांचे पुतणे. एका मामा-काकांच्या घरात एकाच नावाच्या दोन प्रतिमा, आणि लोक अजून एकीवर दुसरी पाहतात.

जुन्या पोटवाल्या डबा मॉनिटरचं भूत मात्र खरा समंध. काचेच्या आतल्या बाजूला लावलेला फॉस्फर इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने उजळायचा आणि एकाच जागी मार खाऊन खाऊन कायमचा झिजायचा. पॅकमॅनच्या खेळाची १९८० सालची यंत्रं बंद असली तरी काचेवर त्यातला चक्रव्यूह दिसत राहायचा. ही झीज टाळायला जॉन सोचा यांनी १९८३ साली सॉफ्टॉक मासिकात एक छोटा प्रोग्राम छापला: तीन मिनिटं कुणी कळ दाबली नाही तर पडदा काळा. स्क्रीनसेव्हर म्हणतात त्याची ही सुरुवात. पुढे त्यात पंखवाले टोस्टर उडाले, मासे पोहले आणि पडदा वाचवायचा असतो हे मूळ काम लोक विसरले. लेखक त्यांच्यातलाच.

ओएलईडी पडद्याच्या मोबाइलवर पुन्हा तीच कायमची झीज आली आहे. तिथे प्रकाश देणारे सेंद्रिय पदार्थच म्हातारे होतात आणि निळा ठिपका सर्वांत आधी थकतो.

चकवा वेगळा. तो दिसतो भुतासारखा, पण भूत नसतो. ॲन्टेनाच्या काळात घरातला धाकटा मुलगा गच्चीवर, बाप टीव्हीपुढे आणि दोघांत "आलं का?" "आलं होतं, गेलं!" एवढाच संवाद असायचा. बातम्या देणाऱ्या बाईंच्या उजव्या खांद्यामागे दुसरी बाई दिसायची, कारण एक लहर सरळ यायची आणि दुसरी एखाद्या टेकडीवर आपटून उशिरा पोचायची. ती ३०० मीटर जास्त चालून आली, तर वीस इंची टीव्हीवर दुसरी बाई जेमतेम पाऊण सेंटीमीटर सरकलेली. मॉनिटरची जुनी निळ्या टोकाची केबल लांब आणि हलकी असली की अक्षरांना अशीच उजवीकडे सावली फुटते. तिथे केबल बदलावी, लिंबू नको.

लेखकाने परीक्षा घेतली. पडद्याचा स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवला. त्यात मैदान स्वच्छ, म्हणजे संगणक निर्दोष, व्हायरसही निर्दोष. चित्र बदललं तरी रेघा जागच्या जागी, म्हणजे केबल निर्दोष. भूत पडद्यातच होतं.

खरं तर वाशीमकराने मागे राहिलेल्या प्रतिमेला बिचकू नये. इंग्रजी अमलात 'बासिम' हा जिल्हाच होता. १९०५ साली तो मोडून बराचसा भाग अकोल्यात घातला. १ जुलै १९९८ ला तोच जिल्हा पुन्हा उमटला: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा. त्यामुळे इथल्या चाळिशीतल्या माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर अजून 'जि. अकोला' झळकतो. आजोबांनी तर कमाल केली. जूनच्या शेवटी ते अकोला जिल्ह्यात गेले आणि त्यांची तेरवी वाशीम जिल्ह्यात झाली.

उपाय सोपा निघाला. पडदा तासन्‌तास बंद ठेवावा, किंवा त्यावर कोरं पांढरं चित्र लावून ठेवावं. आईला हे पटेना; भूत पांढऱ्या साडीत येतं, पांढऱ्याने जातं कसं? तरी चार तास पांढरा पडदा ठेवला. रेघा फिकट झाल्या, गट क्रमांक गेला, नाव राहिलं. त्याच रात्री वळवाचा पाऊस झाला, झाडं पडली आणि वीज गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. शेजारी रात्रभर वीजवाल्यांचा उद्धार करत होते आणि आत अंधारात मॉनिटर मांत्रिकाविना मोकळा होत होता. सकाळी मैदान लख्ख होतं. आईने श्रेय लिंबाला दिलं.

आता दहा मिनिटं हात लागला नाही की पडदा आपोआप काळा पडतो. चुलतभावाची कागदपत्रं अजून यायची आहेत. वारसाहक्काची खबर तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत द्यावी असं कायदा सांगतो. परवा लेखकाने सातबारा पुन्हा उघडून पाहिला. भोगवटादाराच्या रकान्यात आजोबा आहेत, आणि तिथे ते अजिबात पुसट नाहीत.