नळ बसवा, पाणी नंतर बघू

शहरात स्वतःच नळ बसवणं हा रविवारचा छंद. गडचिरोलीतल्या हेमलकशात तो नाइलाज. पर्लकोटा नदीला पूर आला की शेजारचं भामरागड तुटतं, आलापल्लीच्या रस्त्यावरचे नालेही मागे राहत नाहीत. प्लंबर कुठून आणणार? मग मुख्य कॉक बंद करा, टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेनंच गुंडाळा. उलटी गुंडाळली, तर नळ आवळताना ती सुटते आणि ओट्याखाली चौथी नदी उगम पावते. (भामरागडच्या संगमावर तीन आहेतच.)

न गळणारा नळ हवा असेल तर सरकारी पद्धत पाहा. ‘हर घर नल से जल’ २०१९ची घोषणा, मुदत २०२४ची, पुढे ढकलली २०२८पर्यंत. तोवर कोरड्या तोटीतून थेंबही गळत नाही. टेपसुद्धा लागत नाही!