एकवीस अपेक्षित, नोकरी आवृत्ती

माझा भाचा सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहे. पुण्यातल्या एका कॉलेजात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला, स्पेशलायझेशन मार्केटिंग. हॉस्टेलवर पाणी येत नाही म्हणून आठ दिवसांसाठी आला होता; तेवढ्यात प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला आणि तो राहूनच गेला. परवा सकाळी तोंड धुवायला गेलो, तर हा बेसिनच्या आरशासमोर उभा. तोंडात फेस आणि फेसातून इंग्रजी. आरशातल्या स्वतःला तो स्वतःची ओळख करून देत होता.

"अरे, तो ओळखतो तुला," मी म्हटलं.

"मामा, दोन मिनिटांत बसवायचंय. डिस्टर्ब करू नकोस."

नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न "स्वतःबद्दल सांगा" हा असतो, असं त्याच्या फायलीत लिहिलेलं आहे. ही फाइल म्हणजे स्पायरल बाइंडिंगची एक पोथी. मोठ्या वर्गाकडून धाकट्या वर्गाकडे येत येत तिची पानं मऊ झालेली. आत चौसष्ट प्रश्न आणि चौसष्ट उत्तरं. कोणीतरी पिवळ्या शाईने महत्त्वाची वाक्यं रंगवलेली, कोणीतरी कोपऱ्यात चहाचा कप ठेवलेला. मला ती बघताक्षणी दहावीचं वर्ष आठवलं. एकवीस अपेक्षित! प्रश्न अपेक्षित, उत्तर अपेक्षित, मार्कही अपेक्षित. आपल्याकडे मूल पंधराव्या वर्षी जे शिकतं ते तेविसाव्या वर्षीही कामाला येतं, शिक्षण फुकट जात नाही.

आता एमबीएला यायचं म्हणजे आधी राज्याची सीईटी, मग कॅपच्या फेऱ्या, मग चार सेमिस्टर, मधे उन्हाळ्यात दोन महिन्यांचा प्रोजेक्ट. एवढं सगळं करून मुलगा शेवटी शिकतो काय, तर स्वतःबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं पाठ म्हणायला.

मी सरकारी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. माझा इंटरव्ह्यू 1984 साली झाला. समोर तीन जण होते, त्यातला एक झोपेला आलेला. मधल्याने खिशातून नोट काढली, सहीवर अंगठा ठेवला आणि विचारलं, सही कुणाची? मनमोहन सिंग, मी म्हटलं. ते तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. बस्स. तुम्हाला ही नोकरी का हवी आहे, असं मला कुणीही विचारलं नाही. पगारासाठी हवी आहे हे खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं, झोपलेल्यालासुद्धा.

भाच्याच्या फायलीत मात्र या प्रश्नाला पाऊण पान आहे. त्यात "व्हिजन" तीनदा येतं, "व्हॅल्यूज" चारदा, पगार एकदाही नाही. कंपनीच्या नावाची जागा मोकळी ठेवलेली आहे, लग्नपत्रिकेच्या नमुन्यात वराच्या नावाची ठेवतात तशी.

"मामा, तू एचआर हो. माझा मॉक घे," रविवारी तो म्हणाला. मॉक म्हणजे खोटी मुलाखत. खऱ्या मुलाखतीत द्यायच्या उत्तरांची ही रंगीत तालीम. मी शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसलो. मामी समोर गवार निवडत होती, ती पॅनेलवर.

"तुमची उणीव सांगा."

"सर, मी परफेक्शनिस्ट आहे. काम शंभर टक्के चोख झाल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"पलंगावरचा ओला टॉवेल उचल आधी," पॅनेल म्हणालं.

या एका प्रश्नावर फायलीत पाच पानं आहेत आणि ती खरोखर अभ्यासण्यासारखी आहेत. नियम असा, की उणीव सांगायची तर ती ऐकणाऱ्याला विकत घ्यावीशी वाटली पाहिजे. आमच्या हापूसचा दोष एकच, तो जरा जास्तच गोड असतो, त्या चालीवर. मी कामात बुडून जातो. मला नाही म्हणता येत नाही. मी टीमची फार काळजी करतो. भाच्याच्या वर्गात साठ मुलं, आणि आता चॅटजीपीटी सगळ्यांच्याच खिशात आहे, त्यामुळे साठही जण परफेक्शनिस्ट. एवढी निर्दोष माणसं एका वर्गात असून त्या कॉलेजच्या लिफ्टवर वर्षभर "बंद आहे" अशी पाटी आहे. आणि समोर बसलेली एचआरची मुलगी पाच वर्षांपूर्वी अशाच खुर्चीत बसून तीही परफेक्शनिस्टच होती. ती विचारते, हा सांगतो, ती लिहून घेते. सत्यनारायणाच्या पूजेत भटजी सांगतात आणि यजमान "मम" म्हणतात, तसं. अर्थ विचारू नये.

भाच्याची खरी उणीव मला ठाऊक आहे. त्याला फोन करता येत नाही. फोन हातात चोवीस तास असतो, पण अनोळखी माणसाशी त्यावर बोलायचं म्हटलं की पोरगा गारठतो. गॅस सिलिंडरचा नंबर लावायचा तर मामीला पुढे करतो. मार्केटिंग शिकणाऱ्या मुलाची ही उणीव म्हणजे पोहण्याच्या मास्तरला पाण्याची भीती. मी म्हटलं, हे सांग की. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्याला पॅनेलसमोर बनियनवर जायला सांगितलं.

मग "स्टार" आलं. हे तारे म्हणजे पत्रिकेतले नव्हेत. आधी परिस्थिती, मग जबाबदारी, मग कृती, मग फळ, अशी चार इंग्रजी अक्षरं जोडून झालेला हा शब्द. अनुभव विचारला की या चार खणांत भरून द्यायचा. पुण्यातल्या मुलांचा अनुभव म्हणजे ढोल-ताशा पथक, हे एचआरवाल्यांनाही आता पाठ झालं असेल. फायलीतल्या उत्तरानुसार भाच्याने "ऐंशी जणांच्या क्रॉस-फंक्शनल टीमचं रिसोर्स मॅनेजमेंट करून पाण्याच्या वापरात तीस टक्के बचत साधली".

"तीस टक्के कुठून आणलेस?"

"रिझल्टमध्ये आकडा लागतो मामा."

घडलं होतं ते असं. पथकाचा नदीपात्रात दोन महिने सराव झाला. विसर्जनाच्या मिरवणुकीत पाण्याचा टेम्पो बोलवायची जबाबदारी याच्यावर होती. याने फोन करायच्या ऐवजी मेसेज टाकला. टेम्पोवाल्याने तो दुसऱ्या दिवशी वाचला. लक्ष्मी रोडवर ऐंशी मुलंमुली घामाने निथळताहेत, कमरेला ढोल, घशाला कोरड, आणि पाणी नाही. तेव्हा हा एका जुन्या वाड्याचा जिना चढून वर गेला आणि दिसलं ते दार वाजवलं. आजी एकट्याच होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, कुंड्यांना पाणी घालायचा पाइप गॅलरीतून खाली सोडला. पथक ओंजळ धरून एकेक करत प्यालं. आजी वरून ओरडत होत्या, "सावकाश रे, ठसका लागेल!" पाण्याची बचत झाली हे खरं, कारण अर्धं रस्त्यावर सांडलं तरी बिल आजींना आलं.

"हे सांग," मी म्हटलं.

"यात चूक माझीच आहे ना पण!"

"आणि दार वाजवायला गेलं कोण?"

"त्याचा खण नाहीये मामा. अक्षरं चारच आहेत."

पुढचा प्रकार गेसटिमेटचा. पुण्यात रोज किती मिसळ खपते? भाचा सरसावून बसला. 2011च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाख. (2021ची जनगणना लांबली, त्यामुळे देशभरातल्या एमबीएवाल्यांची मिसळ, चहा आणि सलून अजून 2011 सालच्याच माणसांवर चालतात.) त्यातली लहान मुलं वजा, पथ्यावरचे वजा, रविवारला जादा गुण. पंधरा मिनिटं कागद काळा झाला. मामीने शेवटची शेंग मोडली आणि म्हणाली, "बेकरीवाल्याला विचार ना, मिसळीचे पाव किती गेले ते."

"अगं मामी, उत्तराला महत्त्व नसतं. थॉट प्रोसेस बघतात."

"मग मिसळीला कशाला मधे घेतलंस?"

मुलाखतीत कोडी घालायची ही खोड जुनी आहे. एडिसनने 1921 साली नोकरीला येणाऱ्यांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्न काढले होते, आणि त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न कुणीतरी चक्क आइन्स्टाइनला विचारला. त्याला तो आकडा आला नाही. पुस्तकात मिळतं ते मी डोक्यात साठवत नाही, अशा अर्थाचं काहीसं म्हणून तो मोकळा झाला. एडिसनकडे त्याची नोकरी गेली असती. एचआरने पुढचा कँडिडेट बोलावला असता. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असली कोडी हा गूगलच्या मुलाखतींचा लौकिक होता. तिथेच माणसं निवडण्याचा कारभार बघणारे लॅझ्लो बॉक 2013 साली जाहीरपणे म्हणाले, की या कोड्यांनी वेळ जातो, त्यातून काही कळत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार आहोत असं वाटतं. ही बातमी आमच्याकडे अजून पोचलेली नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असावी.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" मी फायलीतून वाचून विचारलं. देशाने 1951 साली पंचवार्षिक योजना सुरू केल्या, बारा करून पाहिल्या आणि 2017 साली तो नाद सोडला. नियोजन आयोगाला तर त्याच्या दोन वर्षं आधीच गुंडाळून ठेवलं होतं. तेवीस वर्षांच्या पोराकडून मात्र तेरावी योजना अजून मागतात. खरं उत्तर त्याच्या सीटीसीतच दडलेलं आहे. सीटीसी म्हणजे पगाराचा तो आकडा, जो नातेवाइकांना सांगायचा असतो. त्यात कंपनीने भरायचा पीएफही धरलेला असतो आणि पुष्कळ ठिकाणी ग्रॅच्युइटीसुद्धा, जी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं काढल्याशिवाय हाताला लागत नाही. तेव्हा पाच वर्षांनी कुठे? ग्रॅच्युइटीच्या रांगेत. मी हे सुचवलं. त्याने फायलीत नोंद केली नाही.

शेवटी मी खिशातलं पेन काढलं. रिटायर झालो तेव्हा ब्रँचमधल्या लोकांनी दिलेलं, सोनेरी क्लिपचं. "हे पेन मला विका." 2013च्या एका हॉलिवूडपटात शेअर दलाल हेच विचारतो आणि तेव्हापासून हा प्रश्न बोकाळला आहे.

"सर, तुम्ही शेवटचं पेन कधी वापरलंत?"

"सकाळी. दुधाचा हिशेब लिहिला."

"म्हणजे तुम्हाला पेनची गरज आहे!"

"आहे म्हणून तर ठेवलंय. तेच तुझ्या हातात आहे. आण इकडे."

ग्रुप डिस्कशनची तयारी त्याने घरी केली नाही. आठ जणांनी एकदम बोलायचं आणि शेवटी "मित्रांनो, आपण सगळे सहमत आहोत" असं जो पहिल्यांदा ओरडेल तो पुढच्या फेरीत, एवढंच ते आहे. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला एकदा बसला असता तरी भागलं असतं.

कंपनी आली त्या दिवशी तो ब्लेझर घालून निघाला. ब्लेझर चौघांत एक होता, आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे अंगावर यायचा. बाह्या बोटांपर्यंत, कारण मापं ज्याची घेतली होती तो बास्केटबॉल खेळतो. मामीने हातावर दही ठेवलं. कंपनी म्हणजे एक बँक. नाव सांगत नाही, अजून तिचा एसएमएस दिवसाला दोनदा येतो.

संध्याकाळी तो आला आणि बूट न काढता सोफ्यावर बसला.

"झालं?"

"झालं."

"म्हणजे?"

"घेतलं."

"मग तोंड असं का?"

"चौसष्टातला एकही नाही आला, मामा. टू-व्हीलर आहे का, लायसन्स आहे का, आणि सोमवारपासून येणार का. चार मिनिटं. मी स्वतःहून म्हटलं, सर, माझी विकनेस सांगू का? तर म्हणाले, नको, नेक्स्टला पाठवा." जरा थांबून म्हणाला, "पेपर पूर्ण सिलॅबसबाहेरचा होता."

हुद्दा रिलेशनशिप ऑफिसर. रिलेशन म्हणजे कुठली, ते मला सोमवारी दुपारी कळलं. माझा फोन वाजला. पलीकडे भाचा. आवाज घरातला नव्हता, फायलीतला होता. "सर, गुड आफ्टरनून, मी बोलू शकतो का दोन मिनिटं?" मागे कुणीतरी उभं असणार. अनोळखी माणसांना करायच्या फोनांची यादी समोर होती म्हणे, पण सुरुवात जरा ओळखीच्यापासून.

संध्याकाळी फॉर्म घेऊन घरी आला. बचत खातं आणि त्याला चिकटलेली एक पॉलिसी. मामीलाही एक, नाही म्हणायची सोय नव्हती. चष्मा लावून मी बारा ठिकाणच्या फुल्या बघितल्या.

"सही इथे, इथे आणि मागे," तो म्हणाला आणि खिसे चाचपू लागला. "मामा, पेन आहे का रे?"

मी सोनेरी क्लिपचं काढून दिलं. सह्या झाल्या. फॉर्म बॅगेत गेले, चहा झाला, हेल्मेट डोक्यावर चढलं. अजून दोन मावश्या आणि एक आत्या बाकी होती. गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर मी दुधाचा हिशेब लिहायला बसलो आणि खिशात हात घातला.